जाळी नसलेलं मैदान

मला हरणं सहन होत नाही. कॅरममध्ये राणी हुकली की मी बोर्ड आवरायला घेते. माझा नवरा व्यापारी जहाजावर असतो. तो म्हणतो, समुद्रातलं वादळ परवडलं, पण तुझ्याबरोबर पत्ते नकोत. अशा बाईच्या पोटी आलेल्या मुलीला आपल्या देशाच्या फुटसाल संघात जायचं होतं. आणि हा संघ, निदान तेव्हा तरी, हरण्यासाठीच ओळखला जायचा. ओळखला जायचा हेही जास्तच झालं. आमच्या चारकोपच्या सेक्टरात तो कुणाला ठाऊकच नव्हता.

फुटसाल म्हणजे बंदिस्त जागेतला, कडक जमिनीवरचा फुटबॉल. एका बाजूला गोलकीपर धरून पाच जण, लहानसं मैदान आणि लहानसा जड चेंडू, जो फारसा उसळत नाही. इराण, जपान हे देश तो कधीपासून खेळत आलेत. आपण अगदी अलीकडे उतरलो. आपला पुरुषांचा संघ पहिल्यांदा आशियाई पात्रता फेरी खेळायला गेला तेव्हा एकही सामना न जिंकता परत आला. पुढे कुठे एखादा विजय पदरात पडला. मुलींचा संघ तर त्याच्याही मागून उभा राहिला.

पुरुषांची ती पहिली मोहीम आम्ही घरी बसून पाहिली. फोनवरचं चित्र टीव्हीवर घेतलं होतं आणि ते मधेच अडकायचं. आम्ही म्हणजे मी, माझी मुलगी आणि माझे बाबा. बाबा मूळचे मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलं, आता आमच्याकडे असतात आणि समोर कोणीही खेळत असलं तरी बघतात. तिसरा गोल झाला की मी उठायचे. कधी कुकर लावायला, कधी उगीच गॅलरीतले कपडे चाचपायला.

"हरतत म्हणान उठलंस मां?" बाबा मागून विचारायचे. "बस गो. हरणाऱ्याक पण बघणारा लागता."

मी बसायचे नाही. माझी मुलगी मात्र हलायची नाही, आणि तिचं लक्ष गोलाकडे नसायचंच. ती मैदानाच्या कडेकडे बघत असायची. एकदा तिनं मला हाताला धरून पडद्यासमोर उभं केलं.

"आई, इथे जाळी नाहीये."

"कसली जाळी?"

"बाजूला. बघ, आपल्या माणसाचा पास रेघेबाहेर गेला. तिथून चार सेकंदांत समोरच्यांनी लाथ मारून परत आत घेतला. आपले अजून वळतायत."

तिला त्यात काय दिसलं ते कळायला तिचा खेळ माहीत हवा. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या गाळ्याला लागून एक टर्फ आहे. प्लास्टिकचं हिरवं गवत, वर जाळी, चारही बाजूंना जाळी. मुंबईच्या उपनगरांत असे पिंजरे आता गल्लोगल्ली आहेत, आणि तिथे जे खेळतात त्याला सगळे फुटसालच म्हणतात. मुलगी शाळेत असल्यापासून तिथे खेळायची. या पिंजऱ्यात चेंडू बाहेर जातच नाही. जाळीला लागतो आणि परत येतो, खेळ चालूच. तिनं या जाळीलाच मैत्रीण केलं होतं. समोरची मुलगी अंगावर आली की ही चेंडू मुद्दाम जाळीवर मारायची, स्वतः दुसऱ्या बाजूनं पळायची आणि परत आलेला चेंडू पलीकडे गाठायची. मुलं तिला जाळीवाली म्हणायची, आणि ते ऐकून ती खूश असायची.

त्या सामन्यानंतर तिच्या डोक्यात किडा शिरला. ओळखीपाळखी काढून एका कॉलेजच्या बंदिस्त कोर्टवर तिनं मैत्रिणींसह एक सामना ठरवला. मीही गेले होते. वाट लागली, दुसरा शब्द नाही. लाकडी जमीन, खरी रेघ, आणि आमच्या पोरी चेंडू कडेला मारून तो परत येण्याची वाट बघत उभ्या. चेंडू आपला निवांत भिंतीपर्यंत जायचा. कॉलेजच्या मुलींना आधी वाटलं या चेष्टा करतायत. मग त्यांनी धुतलं.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आपण इतकी वर्षं खेळलो ते फुटसाल नव्हतंच गं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. हरण्यानं माझं डोकं फिरलेलं होतं.

"पण आई, अंगण खरंच वाकडं होतं ना!"

 

मुलींचा राष्ट्रीय संघ उभा राहिला तेव्हा ती पदवी घेऊन मोकळी झाली होती. तिला अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी मिळाली होती. मला वाटलं, चला, सुटलो. पण दसऱ्यानंतर राष्ट्रीय शिबिरासाठी निवड चाचणी होणार असल्याचं तिला कळलं, आणि तिनं ऑफिसकडून रुजू व्हायला तोवरची मुदत मागून घेतली. माझ्याशी न बोलता. मी भडकले. म्हटलं, जो संघ जाईल तिथे मार खातो, त्यासाठी नोकरी टांगून ठेवतेस? तिथे घेतलं तरी काय, हरणाऱ्यांत जाऊन बसशील!

ती शांतपणे म्हणाली, "एकदाच, आई. नाही घेतलं तर बूट माळ्यावर टाकते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाते. परत नाव काढणार नाही."

ती शब्दाची पक्की आहे, हे मला माहीत होतं.  तिनं हरावं असं मला वाटत नव्हतं आणि जिंकून हरणाऱ्यांत जावं असंही वाटत नव्हतं, असा माझा तिढा.

सगळ्यात आधी तिला जाळीची सवय मोडायची होती, आणि त्यासाठी कडक जमीन हवी होती. कॉलेजचं कोर्ट परत मिळेना. बॅडमिंटनच्या हॉलवाल्यांनी फुटबॉल हा शब्द ऐकूनच फोन ठेवला. शेवटी तिची गोलकीपर मैत्रीण म्हणाली, "लग्नाचा हॉल चालेल का?" ही खाडीपलीकडच्या मनोरी गावची, मासळीवाल्या घरातली. सकाळी फेरीबोटीनं मार्व्याला उतरायची आणि पुढे आमच्याकडे यायची. तिच्या बहिणीचं लग्न आमच्या जवळच्याच एका हॉलमध्ये झालं होतं, आणि तिथल्या व्यवस्थापकाशी तिची आई भांडली होती, त्यामुळे चांगली ओळख होती.

व्यवस्थापक भला माणूस निघाला. म्हणाला, एरवी विचारूच नका. लग्नं नसली तरी साखरपुडे असतात, बारशी असतात, कुणाची साठीशांती असते. पण पितृपक्षात हॉलकडे कुत्रं फिरकत नाही. तो पंधरवडा सकाळी या आणि खेळा. दोनच अटी: भिंतींना आणि लादीला चिकटपट्टी लावायची नाही आणि झुंबराला चेंडू लागता कामा नये.

मुलगी नाचत घरी आली. बाबांनी ऐकलं आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हाळाच्या दिवसांत? नवा काम? कोणी करता काय?"

कोकणातली माणसं पितृपक्षाला म्हाळाचे दिवस म्हणतात. या दिवसांत पितर घरी जेवायला येतात, म्हणून नवी वस्तू घेत नाहीत, नवं काम हाती घेत नाहीत, घर बघायलासुद्धा जात नाहीत. बाबा या बाबतीत कडक. गिरणीत असतानाही त्यांनी या दिवसांत नवी चप्पल घातली नव्हती. मीसुद्धा, खरं सांगायचं तर, त्यांच्याच बाजूची. मनात आलं की आधीच हरणारा संघ, त्यात मुहूर्त असा.

मुलगी आजोबांसमोर जमिनीवर बसली. "आजोबा, आपला संघ पहिली मॅच खेळला तेव्हा तुम्ही कॅलेंडर बघितलं होतं. दिवस चांगला आहे म्हणाला होता. आठवतंय?"

"व्हय."

"काय झालं मग?"

बाबांनी वर्तमानपत्र परत उचललं. मग म्हणाले, "ता येगळा." पण दिवसभर ते जरा विचारात होते. संध्याकाळी चहा पिताना आपणहून बोलले, "पितर हे दिसांत येतत, ता खरा. जेवण जेवतत. आणि मगे दिसभर काय करतत? बसान रवतत? त्यापेक्षा हॉलात येवंदेत. नात कशी खेळता ती बघूंदेत."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस, जन्मभर पाळलेली गोष्ट एका चहाच्या कपात वळवून घेतो, आणि वर पितरांची सोयही बघतो.

पहिल्या सकाळी ते स्वतः आले, काठी टेकत. हॉलमध्ये फिनेलचा वास आणि त्याखाली कुठल्या तरी जुन्या लग्नातल्या गुलाबपाण्याचा. स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. बाबा त्यातल्या एकीवरही बसले नाहीत. समोर उभे राहिले, मुलींना ओळीनं उभं केलं आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत घातलेलं साकडं. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून हुंकार भरायचा. मनोरीच्या मुलीला त्यांनी दोनदा तालीम दिली, चेडवां म्हणजे मुली हेही सांगितलं.

"बा देवा म्हाराजा! आज आमचे पितर ह्या हॉलात इले हत!"

"व्हय म्हाराजा!"

"ही चेडवां लगीन लावचा सोडून हय फुटबॉल खेळाक उभी रवलीत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या पायाक जोर दी! तेंका नजर दी! आणि ह्या झुंबराची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

व्यवस्थापकानंही सगळ्यांबरोबर हात जोडले. त्याचा जीव झुंबरात होता.

आता रेघेचा प्रश्न. चिकटपट्टी लावायची नाही, खडू गुळगुळीत लादीवर उमटत नव्हता. मी घरून रांगोळीचा डबा घेऊन गेले. गेली वीस वर्षं मी घरी बसून भाषांतरं करते आणि सणासुदीला दारात रांगोळी काढते. दोन्ही कामांत मी रेघ सरळ ठेवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. मी त्या हॉलमध्ये चारही कडांना पांढऱ्या रांगोळीची रेघ ओढली. खुर्च्या मांडून गोल केले. आणि भिंतीला टेकून बसले.

त्या रेघेनं जे केलं ते कुठल्या कोचनं केलं नसतं. चेंडू बाहेर गेला की रेघ मोडायची, आणि कुठे मोडली ते लगेच दिसायचं. वाद नाही. शिवाय लादीवरच्या रांगोळीवर बूट पडला की पाय सरकायचा. दोघीतिघी सपशेल आपटल्या, तेव्हा पोरींना कळलं की रेघेपर्यंत जायचंच नाही. चेंडू तिच्या आत, तळव्याखाली दाबून थांबवायचा. फुटसालमध्ये असाच थांबवतात, बुटाच्या तळानं, हे मुलीनं मला सांगितलं. मी तिला सांगितलं की मला ते काही माहीत नाही, पण माझी रेघ मोडलीस तर बघ.

"मोडलीस!" मी ओरडायचे.

"सॉरी सॉरी."

"सॉरी काय? परत घालायला मी आहे ना इथे मोलकरीण!"

मग मी उकिडवी बसून चिमटीनं ती परत जुळवायचे. पहिल्या सकाळी माझी रेघ अशी मोडली की सगळीकडे पांढरा फुफाटा झाला आणि मोलकरणीचा डायलॉग मी इतक्यांदा मारला की पोरी माझ्याआधीच तो म्हणायला लागल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी रेघ जागोजागी शाबूत राहायला लागली. तोवर माझे गुडघे कामातून गेले होते. मुलीचा राग आला की मी रेघ मुद्दाम थोडी आत ओढायचे, म्हणजे मैदान लहान व्हायचं. तिला ते कळायचं. ती नुसती हसायची आणि त्या लहान मैदानातही खेळायची. मला तिचा अभिमान वाटत होता. तसं मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ती ढिली पडते असा माझा समज आहे.

सेक्टरात मात्र वेगळंच पसरलं. शेजारच्या वहिनींनी आम्हा तिघांना सकाळी सकाळी लग्नाच्या हॉलमध्ये शिरताना पाहिलं, तेही रांगोळीचा डबा घेऊन.

"काय, गुपचूप उरकताय वाटतं? आणि ते पण पितृपक्षात?"

"हो ना," मी म्हटलं, "मुलाकडच्यांनाच वेळ नव्हता."

हे मी म्हणायला नको होतं. पुढचे आठ दिवस मला येता जाता मुलाचं शिक्षण विचारलं जात होतं.

चाचणी अंधेरीच्या एका बंदिस्त क्रीडासंकुलात झाली. वेगवेगळ्या राज्यांतून मुली आल्या होत्या. कुणी गोव्याच्या, कुणी केरळच्या, कुणी मणिपूरच्या. पायांनी अशा काही वेगवान की नजर ठरत नव्हती. आई-वडिलांना वर कठड्याशी उभं राहू दिलं होतं. खाली निवड करणाऱ्या बाई, केस बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती.

मुलगी चांगली खेळत होती. चेंडू रेघेच्या आत, तळव्याखाली. दोनदा, तीनदा. माझे गुडघे आपोआप वाकत होते. आणि मग, वेळ संपत आलेली असताना, एक मणिपुरी मुलगी तिच्या अंगावर आली आणि माझ्या मुलीनं वर्षानुवर्षं केलं तेच केलं. चेंडू कडेला मारला आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं पळाली.

तिथे जाळी नव्हती. चेंडू रेघ ओलांडून भिंतीकडे गेला.

मी डोळे मिटले. खरंच मिटले. मनात आलं, संपलं. बूट माळ्यावर. आणि त्या क्षणी मला स्वच्छ कळलं की मला तिनं ऑफिसात जायला नको होतं. हरणाऱ्या संघात तर हरणाऱ्या संघात, पण तिला तिथे जागा मिळायला हवी होती. इतका वेळ मी स्वतःलाच फसवत होते.

"काकी, बघा बघा!" शेजारून मनोरीच्या मुलीनं माझा दंड धरला. तिची चाचणी आधीच झाली होती आणि तिला आपली निवड होत नाही हे कळून चुकलं होतं; तरी ती थांबली होती.

मी डोळे उघडले. समोरच्यांनी चेंडू लाथेनं आत घेतला होता आणि त्या थेट गोलावर निघाल्या होत्या. माझी मुलगी मात्र चूक करून जागच्या जागी उभी नव्हती. ती केव्हाच मागे वळली होती. डोक्याला हात नाही, छताकडे बघणं नाही. सरळ स्वतःच्या गोलाकडे धावत होती, आणि शेवटच्या पासच्या आड तिचा पाय आला. चेंडू तळव्याखाली. रेघेच्या आत.

संध्याकाळी नावं वाचली गेली. तिचं नाव आलं. माझ्या मुलीनंच त्या बाईंना जाऊन विचारलं, कारण तिला राहवेना: मॅडम, मी एवढी मोठी चूक केली, तरी? बाई हिंदीत म्हणाल्या की, आज ही चूक इथल्या निम्म्या मुलींनी केली, सगळ्या पिंजऱ्यातच शिकलेल्या आहेत. पण चूक झाल्यावर तिथेच उभं न राहता मागे धावताना मी तुला पाहिलं. आपला संघ चुका करणार आहे, खूप करणार आहे. मला मागे धावणाऱ्या हव्यात.

मनोरीची मुलगी घरी जाताना बोटीत रडली असं तिच्या आईनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं बाबांसाठी बोंबील पाठवले आणि निरोप दिला की आजोबा, पुढच्या वर्षी माझं गाऱ्हाणं वेगळं घाला.

शिबिर झालं, आणि मग संघ बाहेर खेळायला गेला. परदेशात तीन सामने होते. आता मी टीव्हीसमोर होते, बाबा होते, आणि मनोरीची मुलगी होती, जी आमच्या सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मुलगी पहिल्या सामन्यात बाकावरच बसून राहिली. मी तिचं बसणं बघितलं. आपण सपाटून हरलो. समोरच्या संघाचा कोच पाय लांब करून बसला होता आणि शेजारच्याशी काहीतरी बोलून हसत होता. त्याचा मला इतका राग आला की मी पडद्याला शिव्या दिल्या, आणि बाबांनी त्यात दोन मालवणी घातल्या. पण मी उठले नाही. तिसरा गोल झाला, चौथा झाला, तरी नाही.

दुसऱ्या सामन्यात तिला थोडा वेळ मैदानात पाठवलं. फुटसालमध्ये खेळ न थांबवता खेळाडू बदलतात, त्यामुळे ती कधी आत गेली ते आम्हाला कळलंच नाही. बाबांनाच आधी दिसली. "ती बघ! ती बघ आपला चेडू!" आम्ही तो सामनाही हरलो, पण सपाटून नाही.

तिसरा सामना सगळ्यात बलाढ्य संघाशी होता. त्यांनी आधी दोन गोल केले. मग आपण एक केला. माझ्या मुलीनं नाही, केरळच्या मुलीनं केला, पण त्याआधीचा चेंडू कडेवर, रेघेच्या अगदी काठावर, माझ्या मुलीनं तळव्याखाली दाबून धरला होता. त्यानंतर आपल्या पोरींनी जे काही चालवलं ते मी लिहू शकत नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. मधेच समोरच्यांच्या कोचनं उठून हातांनी खूण केली, खेळ थांबला, त्यांच्या मुली त्याच्याभोवती जमल्या, तो जोरजोरात बोलत होता. मग खेळ परत सुरू झाला आणि एका गोलानं आपण हरलो.

तीनही सामने हरलो. कोष्टकात तेच लिहिलं गेलं, आणि ते खोटं नाही.

त्यांचं विमान दुपारी उतरलं. मी एकटीच विमानतळावर गेले; बाबांना इतका वेळ उभं राहवत नाही. बाहेर हारतुरे घेतलेली बरीच माणसं होती, पण ती मक्केच्या उमरा यात्रेहून परतणाऱ्यांसाठी. हरून आलेल्या संघासाठी कोण येणार? दोन-तीन मुलींचे आईवडील होते, तेही माझ्यासारखेच, काय बोलायचं ते ठरवत असलेले. मी ठरवून आले होते: हरकत नाही, अनुभव मिळाला, पुढच्या वेळी. मला स्वतःलाच ते पुळचट वाटत होतं.

ती बाहेर आली. देशाच्या नावाचा कोट अंगात, खांद्यावर बॅग, गुडघ्याला पट्टी. मला बघून धावली. मी तोंड उघडायच्या आत तिनं विचारलं, "तू शेवटची मॅच पूर्ण बघितलीस?"

"पूर्ण."

"खरं सांग. मधे कुकर लावायला गेली नाहीस?"

"नाही गं बाई. आदल्या रात्रीचा भात खाल्ला सगळ्यांनी."

"मग त्यांच्या कोचनं टाइमआउट घेतला, तो बघितलास?"

बघितला होता. मला वाटलं होतं, त्यांच्या पोरींना तहान लागली असेल.

"तहान?" ती हसली आणि तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. "आई, पुढे असलेला संघ असा मधेच एक मिनिटाचा टाइमआउट का घेईल? पहिल्या मॅचला समोरचा कोच कसा पाय पसरून बसला होता, आठवतंय?  आपल्याशी खेळताना कुणी कधी उठतच नाही गं. सगळे सांगतात. हा उठला. त्यांना कळेना आम्हाला कसं थांबवायचं. ते आपल्याला घाबरले होते, आई. पूर्ण एक मिनिट घाबरले होते."

मी तिला तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, ट्रॉल्यांच्या मधे, घट्ट धरून उभी राहिले. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. माझं ठरवलेलं भाषण मी विसरले ते बरंच झालं.

टॅक्सीत बसल्याबसल्या मी बाबांना फोन लावला. "पोचला काय गो चेडू?" त्यांनी विचारलं. पोचली म्हटलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा मी एका हरलेल्या सामन्याची हकिगत, पहिल्या मिनिटापासून, एकही गोल न गाळता, सांगायला सुरुवात केली. बाबांनी तो सामना माझ्याच शेजारी बसून बघितला होता. तरी ते मधे बोलले नाहीत.